चोवीस पाळ्या

पहाट व्हायला अजून अवकाश आहे. यरुशलेमच्या मंदिरात, आतल्या चौकाच्या उत्तर अंगाला घुमटाची एक मोठी खोली, तिच्यात शेकोटी पेटलेली. भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यांवर म्हातारे याजक झोपले आहेत, तरुण खाली फरशीवर. सेवेची तागाची वस्त्रं अंगावर ठेवून झोपायचं नाही असा नियम, म्हणून ती घडी करून उशाशी घेतलेली. अंगावर घरचे कपडे. एके ठिकाणी हातभर लांबरुंद संगमरवरी लादी आहे, तिला कडी. लादी उचलली की खाली साखळीला लटकवलेल्या चौकाच्या किल्ल्या. रात्री दारं लावून झाली की किल्ल्या खाली ठेवायच्या, लादी बसवायची, वर आपलं कापड अंथरायचं आणि तिथेच आडवं व्हायचं. किल्ली हवी असेल त्याला आधी माणूस उठवावा लागणार.

वेदीवरची राख काढायचं काम ज्यांना हवं, ते केव्हाच उठून स्नान करून बसलेत. कोंबडा आरवायच्या सुमाराला अधिकारी येतो, दार ठोठावतो. कुणी जायचं ते ठरतं. दिवट्या घेतलेल्या दोन तुकड्या चौकाला दोन बाजूंनी फेरी घालतात, समोरासमोर आल्यावर सगळं ठीक असल्याची खात्री एकमेकांकडून करून घेतात. मग तो एकटा याजक अनवाणी आत जातो. बरोबर कुणी नाही, दिवा नाही. वेदीवरच्या विस्तवाचा जो काही उजेड असेल तेवढाच. बाकीचे अंधारात कान देऊन उभे. तो दिसत नाही, त्याची चाहूलही लागत नाही. मग एकदम लाकडाची करकर ऐकू येते. बेन कातीन नावाच्या महायाजकानं हातपाय धुण्याच्या गंगाळासाठी बसवून दिलेल्या लाकडी यंत्राचा तो आवाज. म्हणजे गडी पोचला, हातपाय धुतोय. हे ऐकलं की बाकीचे कामाला लागायचे.

आत गेलेल्यानं काय करायचं? चांदीचं फावडं घेऊन वेदी चढायची, वरचे निखारे बाजूला सारायचे, आतली जळून गेलेली राख फावडंभर घ्यायची आणि खाली येऊन ठरलेल्या जागी ठेवायची. बस्स.

हे सगळं मिश्नात आहे. ज्यू धर्मशास्त्राचा हा ग्रंथ इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाला. मंदिर पडून तोवर सव्वाशे वर्षं उलटली होती. त्यामुळे ही आठवण घोटून घोटून गुळगुळीत झालेली असणार, हे धरूनच ती वाचावी. पण अंधारात ऐकू येणारी ती करकर कुणी कल्पनेनं घातली असेल, असं मला वाटत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. फावडंभर राखेसाठी एवढी तयारी, एवढे उमेदवार कशाला? उत्तर अगदी व्यवहारी आहे. वेदी एक होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे हात हजारो.

सुरुवातीला तसं नव्हतं. शास्त्यांच्या काळातली एक गोष्ट बायबलात आहे. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाच्या गृहस्थानं घरातच देवघर केलं आणि वाटेनं आलेल्या एका तरुण लेव्याला, म्हणजे देवसेवेला वाहिलेल्या लेवी वंशातल्या माणसाला, पुजारी म्हणून ठेवून घेतलं. पगार वर्षाला दहा शेकेल चांदी, कपड्यांचा जोड आणि दोन वेळचं जेवण. पुढे दान वंशाचे सशस्त्र लोक तिथून निघाले. त्यांनी लेव्याला विचारलं, एका घराचा पुजारी राहतोस की अख्ख्या वंशाचा होतोस? लेवी खूश झाला आणि देवघरातली मूर्ती उचलून त्यांच्याबरोबर चालता झाला. तेव्हा गावोगाव, टेकडीटेकडीवर उच्चस्थानं, म्हणजे यज्ञाच्या स्थानिक जागा, होती आणि प्रत्येक उच्चस्थानाला त्याचा पुजारी होता. पोट भरायला जागा पुष्कळ होत्या.

इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया यानं ही सगळी उच्चस्थानं मोडली. यज्ञ फक्त यरुशलेमलाच. सुधारणा म्हणून तिचं कौतुक होतं, पण गावोगावचे पुजारी एका दिवसात बेकार झाले. त्यांना यरुशलेमच्या वेदीवर चढू दिलं नाही, भाऊबंदांबरोबर बेखमीर भाकर मात्र खाऊ दिली. राजांच्या इतिहासात हे एका ओळीत उरकलं आहे. त्या एका ओळीमागे किती घरांत चूल थंडावली असेल!

मग इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनी फौजांनी मंदिरच जाळलं. पन्नासेक वर्षांनी इराणच्या कोरेश राजानं परत जायची मुभा दिली, तेव्हा परतलेल्यांची मोजदाद एज्राच्या पुस्तकात आहे. ती वाचताना मला एखाद्या जुन्या सरकारी दप्तराची आठवण होते. याजकांची घराणी चारच: यदया ९७३, इम्मेर १०५२, पशूर १२४७, हारीम १०१७. एकूण ४२८९. आणि लेवी किती? ७४. याजक म्हणजे लेवी वंशातलीच अहरोनाची शाखा. बाकीचे लेवी दाराशी पहारा करायचे, गायचे. बाबिलोनात बस्तान बसलेलं असताना दुय्यम जागेसाठी एवढी पायपीट कोण करणार? पुढे खुद्द एज्रा जथा घेऊन निघाला, तेव्हा अहवा नदीकाठी तीन दिवस मुक्कामात त्याच्या ध्यानात आलं की जथ्यात लेवी एकही नाही. कासिफ्या नावाच्या गावी माणसं धाडली तेव्हा कुठे ३८ जमले.

परतलेल्यांच्या त्या पहिल्या यादीत तीन घराण्यांची नोंद आहे, ज्यांना आपली वंशावळ दाखवता आली नाही. हबया, हक्कोस आणि बर्जिल्लय. यातल्या बर्जिल्लयच्या मूळपुरुषानं सासऱ्याचं नाव लावलं होतं. कागद नाहीत, म्हणून त्यांना याजकपदावरून बाजूला काढलं आणि पवित्र नैवेद्यातला वाटाही बंद केला. हक्कोस हे नाव लक्षात ठेवावं.

एकूण हिशेब असा झाला की हाताशी हजारो याजक, वेदी एक आणि लेवी मूठभर. या अडचणीतून पाळ्यांची व्यवस्था आली. देवळाची पाळी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण या पाळ्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात ती दावीद राजाच्या नावावर आहे. अहरोनाला चार मुलगे. त्यातले नादाब आणि अबीहू निपुत्रिक गेले. उरलेल्या एलाजाराच्या वंशातली सोळा घराणी आणि इथामाराची आठ. शमाया नावाच्या लेवी लेखकानं राजासमोर चिठ्ठ्या टाकून चोवीस नावांचा क्रम लिहून काढला. पहिली चिठ्ठी यहोयारीबची, दुसरी यदयाची, सातवी हक्कोसची, आठवी अबीयाची, पंधरावी बिल्गाची, शेवटची माज्याची. अभ्यासक मात्र हे पुस्तक इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आसपासचं मानतात. आपली नवी घडी दावीदाच्या नावावर चढवली की वाद मिटतो.

तालमुद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथातली कथा वेगळी. परतलेल्या चार घराण्यांतून संदेष्ट्यांनी चोवीस पाळ्या पाडल्या. प्रत्येक घराण्यानं स्वतःची धरून सहा चिठ्ठ्या उचलल्या. आणि बजावून ठेवलं की उद्या यहोयारीबचे लोक बाबिलोनहून परत आले, तरी त्यांच्यासाठी यदयाला मागे सरकवायचं नाही. ही तंबी बोलकी आहे. कारण मूळ यादीत पहिला नंबर यहोयारीबचाच आहे, आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीविरुद्ध बंड करून गादीवर बसलेलं मत्तथ्याचं घराणंही यहोयारीबचंच. राजघराण्याची चिठ्ठी नेमकी पहिली कशी निघाली, अशी शंका काही अभ्यासकांनी बोलून दाखवली आहे. मलाही ती येते.

पाळी एका आठवड्याची, शब्बाथ ते शब्बाथ, म्हणजे शनिवार ते शनिवार. चोवीस आठवड्यांचं चक्र पुरं झालं की पुन्हा पहिली. चांद्रवर्षाचे आठवडे साडेपन्नास, म्हणजे वर्षात प्रत्येकाच्या वाट्याला दोन आठवडे, क्वचित तिसरा. वल्हांडण, सप्ताहांचा आणि मांडवांचा, या तीन यात्रांच्या सणांना मात्र चोवीसही पाळ्यांनी हजर राहायचं. बाकी वर्षभर याजक आपल्या गावी. मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या गुहांत ज्यांच्या गुंडाळ्या सापडल्या, त्या पंथाला ही ओढाताण खपत नसे. त्यांनी वर्षच ३६४ दिवसांचं धरलं, म्हणजे नेमके बावन्न आठवडे, आणि सहा वर्षांत चोवीस पाळ्यांची तेरा चक्रं काटेकोर बसवली. त्यांच्या एका ग्रंथात तर सरळ सव्वीस पाळ्या आहेत. मंदिराशी त्यांनी कधीच फारकत घेतली होती, पण पाळ्यांची कोष्टकं मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरवत होते.

एका पाळीत माणसं किती? पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस स्वतः याजक होता आणि आपण चोवीसातल्या पहिल्या पाळीचे, हे त्यानं आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. त्याच्या एका ग्रंथात याजकांचे चार गट आणि प्रत्येकात पाच हजारांहून जास्त माणसं असा आकडा आहे. वीस हजारांना चोवीसनं भागलं की आठशेच्या वर येतात. अरिस्तेआसच्या नावावरच्या ग्रीक पत्रात एका वेळी सातशेवर याजक सेवेत असल्याचं आणि तरीही चौकात टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांतता असल्याचं वर्णन आहे. दोन्ही आकडे फुगवलेले असू शकतात. एकमेकांशी जुळतात खरे.

आठशे माणसांना आठवडाभर पुरेल एवढं काम कुठून आणायचं? म्हणून पाळीतही वाटे. एकेका पाळीची चार ते नऊ घराणी पाडलेली, आणि आठवड्याचे दिवस त्यांच्यात वाटलेले. ज्या घराण्याचा दिवस असेल त्यानं दिवसा असो की रात्री, दारूला स्पर्श करायचा नाही. पाळीतल्या इतरांना रात्री चालेल, कामाचा भार वाढला तर दिवसा हाताखाली यावं लागेल म्हणून दिवसा नाही. पाळीच्या आठवड्यात केस कापायचे नाहीत, कपडे धुवायचे नाहीत, फक्त गुरुवारी शब्बाथाच्या मानासाठी सूट. हेतू हा की माणसानं गावाहून निघतानाच नीटनेटकं होऊन यावं.

सकाळ-संध्याकाळ एक-एक कोकरू अर्पण व्हायचं. त्या एका कोकराला माणसं तेरा! एकानं कापायचं, एकानं रक्त वेदीवर उडवायचं, एकानं आतल्या धूपवेदीची राख काढायची, एकानं दिवे साफ करायचे. मग सहा जण मांस वर नेणारे: डोकं आणि एक मागचा पाय एकाकडे, पुढचे दोन्ही पाय दुसऱ्याकडे, शेपूट आणि दुसरा मागचा पाय तिसऱ्याकडे, छाती-मान, दोन बरगड्या, आतडी. शेवटी सपीठ, तव्यावरच्या दशम्या आणि द्राक्षारस नेणारे तिघे. सोयीचा विचार केला तर दोन माणसांत उरकलं असतं. पण इथे कामाला माणसं शोधायची नव्हती, माणसांना काम पुरवायचं होतं.

राखेचं काम आधी शर्यतीनं मिळायचं. वेदीचा चढ बत्तीस हात लांब. ज्यांना हवं त्यांनी धावत सुटायचं, वरच्या चार हातांत जो पहिला पोचेल त्याचं काम. एकदा दोघे बरोबरीनं धावत असताना एकानं दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला. तालमुदात याहून भयंकर प्रसंग आहे. हरणाऱ्यानं सुरी काढून जिंकणाऱ्याच्या छातीत खुपसली. लोक आक्रोश करू लागले. तेवढ्यात मुलाचा बाप आला, पोर अजून तडफडतंय हे पाहिलं आणि म्हणाला की जीव गेलेला नाही, तेव्हा सुरी अजून विटाळलेली नाही. तालमुद तिथेच थांबून विचारतो की त्या काळी रक्तापेक्षा सुरीचा विटाळ लोकांना मोठा वाटत होता की काय. आपल्याच पूर्वजांबद्दल इतकं कडू लिहून ठेवणारी परंपरा मला फार विश्वासार्ह वाटते.

त्यानंतर शर्यत बंद झाली आणि चिठ्ठी आली. चिठ्ठी म्हणजे कागद नव्हे. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. अधिकारी एकाची टोपी उचलायचा, मोजणी त्याच्यापासून. मग कुठला तरी मोठा आकडा सांगायचा. प्रत्येकानं बोट पुढे करायचं, आणि बोटं मोजत मोजत आकडा जिथे संपेल तो निवडला गेला. अंगठा चालत नसे, लबाडीला वाव नको म्हणून. राज्य कुणावर हे ठरवायला मुलं अंगणात जसं मोजतात, तसंच. पांढऱ्या दाढीचे पुरुष पहाटेच्या गारठ्यात बोटं पुढे करून उभे आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. दिवसातून चार वेळा ही मोजणी व्हायची.

त्यातली धूपाची मोजणी वेगळी. तिच्यासाठी हाक पडायची ती फक्त नवख्यांना. ज्यानं एकदा धूप जाळला तो पुन्हा नाही. धूप जाळणाऱ्याला बरकत येते अशी समजूत होती, म्हणून ती एकाच्या घरात साठू द्यायची नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या आठव्या, अबीयाच्या पाळीचा. यहूदियाच्या डोंगराळ भागातला म्हातारा याजक, बायको अलीशिबा तीही अहरोनाच्याच वंशातली, पोटी मूल नाही. त्याच्यावर ही चिठ्ठी म्हातारपणी आली. आत गेला तो लवकर बाहेर येईना. लोक खोळंबले. आला तेव्हा वाचा गेलेली, नुसत्या हाताच्या खुणा. पुढे त्याला झालेला मुलगा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान, हे सर्वांना माहीत असतं. मला त्या गोष्टीतला एक बारीक तपशील आवडतो. देवदूत दिसला, वाचा गेली, तरी हा गृहस्थ तडक घरी निघाला नाही. सेवेचे दिवस पुरे झाल्यावर गेला.

पाळी बदलायची ती शब्बाथाच्या दिवशी. सकाळचं अर्पण जाणाऱ्यांनी करायचं, संध्याकाळचं येणाऱ्यांनी. समक्षतेच्या बारा भाकरी त्याच दिवशी बदलायच्या. आठवडाभर सोन्याच्या मेजावर राहिलेल्या भाकरी दोन्ही पाळ्यांत वाटायच्या. येणारे उत्तरेच्या बाजूला वाटून घेत, जाणारे दक्षिणेला. बिल्गाची पाळी मात्र येताना असो की जाताना, कायम दक्षिणेलाच. वेदीच्या उत्तरेला जनावरं धरायला चोवीस कड्या होत्या. त्यातली बिल्गाची कडी ठोकून बंद केलेली, त्यांच्या सुऱ्यांचा कोनाडा बुजवलेला. दुसऱ्याची कडी, दुसऱ्याची सुरी मागून काम करायचं. कारण काय? एक म्हणणं, ही पाळी एकदा वेळेवर आलीच नाही. दुसरी हकिगत मिर्यामची. ही बिल्गा घराण्यातली मुलगी धर्म सोडून एका ग्रीक सरदाराची बायको झाली होती. ग्रीक मंदिरात घुसले तेव्हा तीही आली, पायातला जोडा काढून वेदीवर मारला आणि वेदीला लांडगा म्हणाली, आमच्या लोकांची संपत्ती गिळतोस आणि त्यांच्या अडीनडीला उभा राहत नाहीस म्हणून. पोरीच्या बोलण्याची शिक्षा अख्ख्या पाळीला का, असा प्रश्न तालमुदातही विचारला आहे. त्यावर दिलेलं उत्तर असं की मूल रस्त्यावर बोलतं ते बापाचं किंवा आईचंच असतं. म्हणजे पाळीच्या घरातही कुजबुज होती तर!

कुजबुजीला जागा होतीच. याजकांना जमीन नाही. होमबलीची कातडी, शांत्यर्पणाच्या जनावराची छाती आणि मांडी, पहिलं पीक, लेव्यांना मिळणाऱ्या दशमांशाचा दहावा भाग, यांवर गुजराण. पाळीच्या आठवड्यात मांस उदंड, बरोबर प्यायला पाणी आणि पायाखाली थंडगार दगड. पोटं बिघडायची. मिश्नात मंदिराच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत, त्यात बेन अहिया हा खास पोटाच्या विकारांवर नेमलेला. गेबीनी ललकारी द्यायला, बेन गेबेर दारं लावायला. जुन्या विजारी आणि कमरपट्टे फाडून त्यांच्या वाती करत. अंगात व्यंग असलेल्या याजकाला वेदीवर चढता येत नसे. तो लाकडाच्या खोलीत बसून सरपण पारखायचा, कीड लागलेला ओंडका बाजूला टाकायचा. नैवेद्यातला वाटा मात्र त्याला पुरा मिळे. व्यंगाचा हा नियम एकदा राजकारणातही वापरला गेला. इ.स.पू. ४० मध्ये मत्तथ्याच्या घराण्यातला अँटिगोनस गादीवर आला तेव्हा त्यानं महायाजक असलेल्या आपल्या चुलत्याचे, हिर्कानसचे, कान तोडले. जोसेफस एके ठिकाणी म्हणतो, दातांनी तोडले. ठार मारायची गरज उरली नाही.

पाळी आणि चिठ्ठी यांतून निसटलेली घराणी होती ती हुन्नरवाली. समक्षतेच्या भाकरी गार्मूच्या घराण्याकडे, धूप अबतीनासच्या घराण्याकडे. ते कसब कुणाला शिकवेनात. शेवटी शास्त्र्यांनी आलेक्सांद्रियाहून कारागीर आणले. त्यांची भाकर बुरसायची, त्यांचा धूर काठीसारखा सरळ वर न जाता इकडेतिकडे पसरायचा. झक मारत जुन्यांना परत बोलावलं तर ते येईनात. पगार दुप्पट केल्यावर आले. अबतीनासच्या घरच्या बायका लग्नातही अत्तर लावत नसत, देवाचा धूप घरी वापरला असं कुणी म्हणायला नको. त्यांच्या धूपाचा दरवळ एवढा, की मृत समुद्रापलीकडच्या मखवार डोंगरावर आपल्या घरच्या शेळ्या शिंकायच्या, अशी आठवण एकानं सांगितली आहे. शेळ्यांचं मला खरं वाटत नाही, अत्तराचं वाटतं.

लेव्यांचं दुखणं जुनंच. चोवीस जागी रात्रपहारा असे, त्यातले एकवीस लेव्यांकडे. मशाली घेऊन अधिकारी फेरी घालायचा. पहारेकरी झोपलेला सापडला तर काठीचा फटका, आणि त्याचे कपडे पेटवून द्यायची मुभा. रब्बी एलियेजर बेन याकोब यांनी सांगून ठेवलं आहे की आपल्या सख्ख्या मामाचे कपडे असे जळाले होते. सन ६४ च्या सुमाराला गायक लेव्यांनी राजा दुसरा अग्रिप्पा याच्याकडे अर्ज केला की आम्हालाही याजकांसारखी तागाची वस्त्रं घालू द्या. राजानं सभा भरवून परवानगी दिली. जोसेफसच्या अंगाचा तिळपापड झाला. पूर्वजांचा आचार मोडला, याची शिक्षा भोगावी लागणार, असं त्याचं मत. सहा वर्षांनी मंदिर पडलं.

खरा आचार वरच्यांनीच मोडला होता, आणि तेही जोसेफसनंच नोंदवलं आहे. महायाजकांनी आपले नोकर खळ्यांवर पाठवून गावच्या याजकांच्या हक्काचा दशमांश जबरदस्तीनं उचलला. गरीब याजक उपाशी मेले. चोवीस पाळ्या, दिवसांचे वाटे, बोटांची मोजणी, अंगठा नको, ही सगळी काळजी फावडंभर राखेपुरती. महायाजकपदाला चिठ्ठीची रीत कधी नव्हतीच. ते पद राजा हेरोद आणि रोमन अधिकारी देत, आणि ते चार-दोन बड्या घरांत फिरायचं.

ती चिठ्ठी एकदाच टाकली गेली. रोमविरुद्ध बंड पेटलेलं असताना, सन ६७ च्या हिवाळ्याच्या सुमारास, मंदिर ताब्यात घेतलेल्या कडव्या बंडखोरांनी एका याजक घराण्याला बोलावलं आणि महायाजकासाठी चिठ्ठी काढली. निघाला अफ्थिया गावचा फन्नियास. रब्बींच्या आठवणीत तो दगड फोडणारा होता. जोसेफस लिहितो की त्या गावंढळाला महायाजक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. नाटकातल्या पात्रासारखा त्याला सजवला, कधी काय करायचं ते शिकवलं, आणि दूर उभे असलेले याजक हे पाहून रडले. जोसेफसचा शब्द इथे जरा जपूनच घ्यावा. पहिल्या पाळीचा, बड्या घरचा माणूस तो. शिवाय हे लिहिताना तो रोममध्ये बादशहाच्या आश्रयाला होता. खेड्यातल्या याजकांना त्या दिवशी काय वाटलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सन ७० च्या उन्हाळ्यात वेढा आवळत आला. तम्मूझ महिन्याच्या सतराव्या दिवशी रोजचं अर्पण बंद पडलं. जोसेफसच्या हस्तलिखितांत कारण दिलं आहे: माणसं उरली नाहीत. काही संपादकांना तिथे मुळात ‘कोकरं’ हा शब्द असावा असं वाटतं. एका कोकराला तेरा माणसं पुरवणाऱ्या वेदीपाशी नेमकं काय संपलं, हा वाद अजून मिटलेला नाही. तीन आठवड्यांनी मंदिर जळालं. परंपरा सांगते की त्या दिवशी पाळी पहिली होती, यहोयारीबची.

काम संपलं, पाळ्या संपल्या नाहीत. याजकांची कुटुंबं पुढे उत्तरेला गालीलात सरकली, आणि कुठली पाळी कुठल्या गावी, याच्या याद्या सभास्थानांच्या भिंतींवर कोरल्या गेल्या. १९६२ मध्ये कैसरिया इथल्या उत्खननात संगमरवराचे तुकडे निघाले. एकावर अठराव्या पाळीपुढे गाव लिहिलं आहे, नासरेथ. प्राचीन हिब्रू कोरीव लेखात या गावाचं नाव सापडलं ते इथेच. गालीलच्या सभास्थानांत शब्बाथाला आजची पाळी कोणाची हे पुकारायची रीत होती. जायला मंदिर नव्हतं, तरी पुकारायचे.

१९७० मध्ये पार येमेनात, बैत हादिर गावच्या मशिदीत, एका खांबावर अशीच यादी मिळाली. खांब काहीसा जमिनीत गाडला गेलेला. वाचता येतात त्या पाळ्या चौथीपासून चौदावीपर्यंतच्या. आठवी अबीयाची, मुक्या जखऱ्याची. तिच्या आधीची सातवी, गाव ऐलाबून, पाळी हक्कोसची. कागद सापडले नाहीत म्हणून ज्यांना एकदा उठवून लावलं होतं, तेच हे.